डोगॉन भाषांचं कूळ कोणतं धरायचं? नायजर-काँगो की स्वतंत्र?

पर्णिका (प्रश्न)

मालीतल्या भाषांवर मराठी कोशासाठी नोंद लिहिते आहे. बांबारा, फुलफुल्दे, सोंघाय इथपर्यंत गाडी नीट आली, डोगॉनपाशी अडली. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गच्या १९६३ च्या वर्गीकरणात डोगॉन गुर गटात, म्हणजे नायजर-काँगो या आफ्रिकेतल्या मोठ्या भाषाकुटुंबाच्या एका शाखेत, आहे. विल्यमसन आणि ब्लेंच यांच्या २००० च्या मांडणीत तीच गुरमधून बाहेर काढून त्याच कुटुंबाच्या 'डोगॉन-काँगो' नावाच्या फांदीवर ठेवली आहे. ग्लॉटोलॉग ही जगातल्या भाषांची ऑनलाइन सूची उघडली तर डोगॉन हे थेट स्वतंत्र कुटुंब, वर कुणीच नाही. तिन्ही ठिकाणं जाणकारांची आहेत, मग नोंदीत काय लिहू?

दुसरी अडचण बांगिमेची. जुन्या याद्यांत ती डोगॉनची बोली म्हणून येते, नव्या याद्यांत एकाकी, म्हणजे कुठल्याच ज्ञात कुटुंबात न बसणारी, भाषा म्हणून.

तिसरं म्हणजे तुलनात्मक शब्दसंग्रहाचा मोठा तक्ता उतरवून घेतला आहे. त्यात 'तीन' तान, 'चार' नाय असे शब्द दिसतात. स्वाहिलीत ततु आणि न्ने, इग्बोत अतो आणि अनो. एवढं साम्य असताना नातं नाही असं कसं म्हणतात? हे स्वतः तपासायचं झालं तर कुठून सुरुवात करायची?

ध्वनिवेध

आधी वर्गीकरणाचा इतिहास बघू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

डोगॉन भाषा बोलल्या जातात मालीतल्या बांदियागाराच्या कड्यावर, कड्यामागच्या पठारावर आणि पुढच्या सपाट मैदानावर. कडा सुमारे १५० किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला मोरे ही गुर गटातली मोठी भाषा, पश्चिमेला बोझो आणि बांबारा या मांदे भाषा, उत्तरेला सोंघाय, आणि सगळीकडे फुलानी गुराख्यांची फुलफुल्दे. अशा चौकात बसलेल्या भाषेत चारही बाजूंचे शब्द सापडणारच. म्हणून फ्रेंच अभ्यासकांनी डोगॉन कधी व्होल्टाइककडे, म्हणजे आजच्या गुरकडे, ओढली, तर कधी मांदेकडे. ग्रीनबर्गने १९६३ मध्ये गुर हा पर्याय घेतला. त्याच्या हाताशी डोगॉनची जी सामग्री होती ती फारच तुटपुंजी होती. जनव्हिएव्ह कालाम-ग्रिओल यांचा तोरो-सो या डोगॉन भाषेचा शब्दकोशसुद्धा १९६८ चा आहे, म्हणजे ग्रीनबर्गनंतरचा.

गुरमधून डोगॉन बाहेर का निघाली हे नोंदीत जरूर लिहा. गुर भाषांची खूण म्हणजे नामांचे वर्ग. नामाच्या शेवटी प्रत्यय असतो, एकवचनाचा एक आणि अनेकवचनाचा दुसरा, आणि अशा जोड्यांची अख्खी व्यवस्था असते. बहुतेक डोगॉन भाषांत ती नाही. माणसं दाखवणाऱ्या नामांना एकवचनात न-कारी आणि अनेकवचनात म-कारी प्रत्यय लागतो, बाकीची नामं अनेकवचनातही तशीच राहतात किंवा वेगळा शब्द जोडून घेतात. नजांबासारख्या भाषेत नामांचे काही गट आणि त्यांच्याशी जुळणारी विशेषणं दिसतात. त्या जुन्या व्यवस्थेच्या खुणा असू शकतात, पण त्यांवरून गुरची व्यवस्था उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट वाक्यरचना. डोगॉनमध्ये क्रियापद शेवटी येतं, आणि अगदी शेवटीच येतं. मांदे भाषांतही कर्म क्रियापदाआधी येतं, पण 'बाजारात', 'सुरीने' अशी पदं क्रियापदानंतर जातात. डोगॉनमध्ये तीही आधी येतात. 'मी बाजारात मांस विकत घेतलं' हा मराठी क्रम डोगॉन माणसाला घरचा वाटेल, बांबारा बोलणाऱ्याला 'बाजारात' शेवटी न्यावं लागेल. शिवाय डोगॉन क्रियापदाच्या शेवटी कर्त्याचा प्रत्यय लागतो, आपल्या 'जातो, जातोस, जातात' सारखा. त्या परिसरातल्या शेजाऱ्यांत हे नेहमीचं नाही.

म्हणून २००० च्या मांडणीत डोगॉन गुरमधून उचलून झाडाच्या बरीच खाली, खोडाजवळ ठेवली गेली. ज्या गटाचं नातं वाटतं पण दाखवता येत नाही, तो गट झाडावर खाली खाली सरकत जातो. 'फार पूर्वी वेगळी झालेली फांदी' या शब्दांचा व्यवहारातला अर्थ पुष्कळदा 'पुरावा कमी' इतकाच असतो. पुढे ग्युल्डेमान यांनी २०१८ च्या त्यांच्या सर्वेक्षणात आफ्रिकेतल्या प्रत्येक गटाचा पुरावा वेगळा तपासला, आणि त्यात डोगॉन हा स्वतंत्र घटक धरला. ग्लॉटोलॉगही तसंच करतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'स्वतंत्र कुटुंब' म्हणजे नातं नाही हे सिद्ध झालं, असं नव्हे. नातं अजून सिद्ध झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोंदीत हा फरक आलाच पाहिजे.

शब्दपेटी

तक्ता तपासायचा म्हणताय म्हणून कामाची पद्धत सांगते. बाहेरच्या भाषांशी तुलना शेवटी करायची. आधी डोगॉनची आपसात तुलना करायची, तिच्यातून मूळ डोगॉनचं रूप काढायचं आणि मगच शेजारी जायचं. जामसाय या डोगॉन भाषेतला एक शब्द उचलून दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूशी जुळवणं म्हणजे मराठीतला 'कान' उचलून थेट इंग्रजीशी जुळवण्यासारखं आहे. मधल्या पायऱ्या गाळल्या की काहीही जुळतं.

भाषा निवडताना नकाशा समोर ठेवा. वीसेक भाषा आहेत, सगळ्या एकदम घेतल्यात तर बुडाल. सात-आठ घ्या, पण लांब लांबच्या: मैदानातली जामसाय, ईशान्येची तोरो-तेगू, कड्यावरची योर्नो-सो, पठारावरची तोम्मो-सो, उत्तरेची नजांबा, नांगा, तेबुल-उरे, आणि पश्चिमेची मोंबो किंवा तिरानिगे. पश्चिमेची एकतरी भाषा हवीच. ती नसेल तर तुम्ही काढलेलं 'मूळ डोगॉन' हे खरं म्हणजे मूळ पूर्व डोगॉनच असेल.

नावांपाशी सावध राहा, इथे छापील लेखांतही घोटाळे सापडतात. तोम्मो-सो आणि तोमो-कान या दोन निरनिराळ्या भाषा आहेत. तोगो-कान ही तिसरी. तोरो-सो म्हणजे डोंगराची भाषा, तोरो-तेगू म्हणजेही डोंगराची भाषा, पण पहिली कड्यावर सांगा गावाच्या आसपासची आणि दुसरी तिथून बरीच दूर, ओंबोरीच्या दिशेला सुट्या उभ्या डोंगरांवरची. सो, तेगू, डोम, कान हे सगळे 'बोलणं, भाषा' या अर्थाचे शब्द आहेत, त्यामुळे नावाचा शेवट बघून गट ठरवायला जाऊ नका. आयएसओ संकेत, म्हणजे प्रत्येक भाषेला ठरवून दिलेली तीन अक्षरं, प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर लिहून ठेवा, म्हणजे पुढे शंका राहत नाही.

आता स्तंभ. प्रत्येक भाषेला दोन स्तंभ द्या. एकात तक्त्यातलं रूप जसंच्या तसं, सुरांच्या, म्हणजे उच्चारातल्या चढउताराच्या, खुणांसकट. दुसऱ्यात तुम्ही सोललेलं मूळ. सोलताना चार गोष्टी काढाव्या लागतात.

माणसांच्या नामांचा न-कारी किंवा म-कारी प्रत्यय काढा. तो राहिला तर 'स्त्री', 'लोहार', 'पाहुणा' हे सगळे शब्द शेवटी सारखे दिसतात आणि खोटं साम्य तयार होतं.

क्रियापदाबरोबर आलेलं सजातीय नाम काढा. डोगॉनमध्ये 'गाणं गाणे', 'नाच नाचणे' अशी जोडी बांधलेली असते. 'गाणे' विचारलं की उत्तरात दोन शब्द येतात, आणि तक्ता भरणाऱ्याने दोन्ही एकाच घरात लिहिलेले असतात.

क्रियापदाचे साधित प्रत्यय काढा. प्रयोजक, आणि उलट क्रिया दाखवणारा प्रत्यय असे दोन्ही डोगॉनमध्ये आहेत. 'झाकणे' आणि 'उघडणे' हे एकाच धातूचे निघू शकतात. तसं असेल तर ती यादीतली दोन घरं नव्हेत, एकच.

चौथी गोष्ट सूर, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. डोगॉनमध्ये नामानंतर विशेषण आलं की नामाचा स्वतःचा सूर जातो आणि सगळं नाम खालच्या सुरात उतरतं. म्हणून 'मोठं घर' या पदातून 'घर' कापून घेतलंत तर तो सूर त्या नामाचा नाहीच, रचनेने लादलेला आहे. एकटं उच्चारलेलं रूप हवं. मॅकफर्सन आणि हीथ यांनी २०१६ मध्ये या पदबंधातल्या सुरांवर सविस्तर लिहिलं आहे. क्रियापदांत निराळंच: अनेक डोगॉन भाषांत धातूचा सूर पहिल्या व्यंजनावरून कळतो. ग, ब, द असे घोष स्पर्श असले की सूर खालून वर चढतो, क, प, त असले की वरचा राहतो. जो सूर व्यंजनावरून आधीच ठरतो तो नात्याचा वेगळा पुरावा म्हणून मोजता येत नाही.

मग तिसरा स्तंभ, उसनवारीचा. शंभरासाठी फुलफुल्देत तेमेदेरे हा शब्द आहे आणि जामसायसारख्या भाषेत तोच ओळखीच्या रूपात बसलेला दिसतो. वार, नमाज, शाई, कागद हे अरबीतून आलेले, बहुधा फुलफुल्दे किंवा सोंघायमार्गे. गुरांशी संबंधित शब्दांवर आधी फुलफुल्देचा संशय घ्या. संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, शब्द पुसू नका, कारण पुढे तो खरा निघाला तर तुमचं काम वाया जायला नको.

आकडे गोळा करतानाची एक चूक तक्त्यांत अजूनही भेटते. मालीत बाजारातले पैसे ५ फ्रँकच्या एककात मोजतात, बांबारात त्या एककाला दोरोमे म्हणतात. १०० फ्रँकच्या वस्तूचा भाव 'वीस' असा सांगतात. आकड्यांचे शब्द किंमत विचारून लिहून घेतले की सगळे पाचपट सरकतात. म्हणून आकडे दगड किंवा दाणे मोजूनच घ्यायचे, आणि जुन्या यादीत 'वीस' आणि 'शंभर' सारखे दिसले तर आधी हेच तपासायचं.

ध्वनिवेध

शब्दपेटी यांनी पाया घातला, आता खरं काम: ध्वनींचे नियमित जोड, म्हणजे एका भाषेतल्या ध्वनीसमोर दुसरीत नेहमी कोणता ध्वनी येतो ते.

इथे देवनागरीत, सूर गाळून लिहितो आहे. तुमच्या तक्त्यात मात्र मूळ लिपीच ठेवा, कारण उघडा आणि बंद ए, उघडा आणि बंद ओ हे डोगॉनमध्ये वेगळे स्वर आहेत आणि देवनागरीत एकच होऊन बसतात.

'दहा' तोम्मो-सोत पेल, जामसायमध्ये पेरु. 'सहा' तोम्मो-सोत कुलोय, जामसायमध्ये कुरेय. मध्ये ल असेल तिथे समोर र. ही दोन उदाहरणं झाली, नियम म्हणण्यासाठी आणखी चार-पाच तरी वेगवेगळ्या अर्थांच्या शब्दांत तेच दिसलं पाहिजे. आणि अपवाद दिसला की तो फेकायचा नाही, त्याच्यामागचं कारण शोधायचं.

मराठीवरून बघा. हिंदी पानी, मराठी पाणी. खाना, खाणे. जानना, जाणणे. मधला न आणि मधला ण असा जोड. मग 'कान' दोन्हीकडे 'कान' का? कारण तो कर्ण पासून कण्ण आणि मग कान असा आला. जोड-ण चा मराठीत न झाला, सुटा ण तसाच राहिला. म्हणजे जो अपवाद वाटत होता त्यानेच नियमाची अट दाखवून दिली. डोगॉनमध्ये हीच नजर ठेवायची. जामसायमध्ये नाकातून उच्चारलेला र आहे, तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, मध्येच येतो. त्याच्या समोर दुसऱ्या डोगॉन भाषांत पुष्कळदा साधा न भेटतो, आणि सुरुवातीचा न जामसायमध्येही न च राहतो. जागा बदलली की जोड बदलतो. त्यामुळे जोडांचा तक्ता करताना सुरुवातीची व्यंजनं आणि मधली व्यंजनं यांचे दोन स्वतंत्र तक्ते करा. एकात मिसळलेत तर काहीच नियमित दिसणार नाही आणि हे कुटुंबच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

पोटगट पाडताना आणखी एक खबरदारी. ल चा र होणं जगात सर्रास घडतं. तेवढ्यावर 'र-वाल्या भाषांचा एक गट' असं लिहू नका. तो बदल दोन ठिकाणी आपापला झाला असेल किंवा शेजारामुळे पसरला असेल. आणि ज्यांनी जुना ल तसाच ठेवला त्यांचा तर त्यावरून गट होतच नाही, कारण जुनं जपणं हा एकत्र राहिल्याचा पुरावा नसतो. गट होतो तो एकत्र केलेल्या नव्या बदलांवर, त्यातही सहज न होणाऱ्या बदलांवर. म्हणूनच डोगॉनच्या अंतर्गत झाडाबद्दल अजून एकमत नाही. मैदान, कडा, उत्तर पठार, पश्चिम अशी नावं याद्यांत दिसतात, पण ती बरीचशी भौगोलिक आहेत.

पर्णिका

दोघांचे आभार. नावांचा घोळ माझ्याही कच्च्या मसुद्यात झाला होता, तोमो-कान आणि तोम्मो-सो एकच समजून लिहिलं होतं. आता मूळ प्रश्नाकडे येते. तीन आणि चार यांचं काय? आणि 'मी' साठी डोगॉनमध्ये मि आहे, तोही नायजर-काँगोतल्या रूपासारखाच दिसतो.

मूळाक्षर

'मि' पासून सुरू करू. डोगॉनमध्ये 'मी' साठी मि, फुलफुल्देत मि, आणि मराठीत मी. एका अक्षराचा शब्द, त्यात जगभर सर्वनामांत आवडीने येणारा म. असा शब्द जुळला तर तो पुराव्यात धरायचाच नाही असं नाही, पण एकट्याने त्याचं वजन जवळपास शून्य. सर्वनामांचा संपूर्ण संच जुळायला हवा, आणि प्रत्येक जोडामागे नियम हवा.

आकड्यांचा मुद्दा वजनदार आहे, तो झटकून टाकू नये. 'तीन' आणि 'चार' जुळतात, 'पाच' मध्येही न दिसतो आणि मोरेत पाचला नु म्हणतात. नायजर-काँगोच्या बाजूने बोलणारे हाच पुरावा आधी मांडतात, आणि मांडणं योग्यच आहे. पण शेजार बघा. फुलफुल्देत तीनला तति आणि चारला नाय. मोरेत तीनला ताबो, त्यातला ता नाकातून, आणि चारला नासे. म्हणजे डोगॉनच्या घराला लागून असलेल्या दोन मोठ्या भाषांत हेच शब्द आहेत. ते वारशाने आले की शेजारून, हे त्या शब्दांकडे बघून सांगता येत नाही. सहा ते दहा हे शब्द तितके सरळ जुळत नाहीत, यावरून शंका वाढते.

'इतके मूलभूत आकडे कोण उसने घेईल?' असं विचारलं जातं. त्याचं उत्तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. जळगाव-जामोद भागात निहाली बोलली जाते. तिच्यात दोन म्हणजे इरार, तीन म्हणजे मोथो, चार म्हणजे नालकु. कन्नड येणाऱ्याला नालकु लगेच ओळखू येईल. पाचला आपला पाच. म्हणजे दोन ते चार द्राविडी, पुढे आर्य, आणि भाषा द्राविडीही नाही आणि आर्यही नाही. आकड्यांवरून कूळ ठरवलं असतं तर निहालीला कन्नडची बहीण म्हणावं लागलं असतं.

तसंच रचनेच्या साम्याचं. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आहे, ऐकणाऱ्याला वगळून आणि धरून. तमिळ, तेलुगूत तो आहे, संस्कृतात नव्हता. हा शेजारामुळे आलेला गुण आहे, रक्ताचा नव्हे. पश्चिम आफ्रिकेत सूर, स्वरसंवाद (एका शब्दातल्या स्वरांनी एकमेकांशी जुळवून घेणं), नाकातून बोलले जाणारे स्वर हे सगळं कुटुंबांच्या सीमा ओलांडून पसरलेलं आहे. डोगॉनमध्ये स्वरसंवाद आहे म्हणून ती नायजर-काँगो, हा युक्तिवाद नोंदीत येऊ देऊ नका. आणि उलट बाजूही तितकीच खरी: डोगॉनमध्ये क्रियापद शेवटी येतं म्हणून ती नायजर-काँगो नाही, हाही युक्तिवाद चालत नाही. शब्दक्रम बदलतो. सबंध वर्गव्यवस्था गळून पडल्याचीही उदाहरणं आहेत.

पठार

मूळाक्षर यांच्याशी बहुतांशी सहमत, पण तराजू एका बाजूला फार झुकतो आहे असं वाटतं. मानवी अनेकवचनाचा ओष्ठ्य प्रत्यय, बे सारखं 'ते लोक' हे सर्वनाम, तीन-चार-पाच, आणि उलट क्रियेचा प्रत्यय, हे सगळं एकाच ठिकाणी जमणं याला काही अर्थ आहे. नायजर-काँगोत माणसांच्या अनेकवचनाचा वर्ग ब चा आहे, स्वाहिली, झुलू ज्यात येतात त्या बांतू गटातला 'वा' किंवा 'बा' तोच. एकेक धागा सुटा तोडता येतो, पण सगळे एकाच दिशेने ओढत असतील तर ती दिशा शोधायला हवी. 'स्वतंत्र' हा शिक्का बसला की शोधणं थांबतं, ही माझी खरी काळजी आहे.

आता बांगिमे. पठाराच्या पश्चिम टोकाला सात गावांत ती बोलली जाते, बुनू हे त्यांतलं गाव भाषाशास्त्रीय कामांत वारंवार येतं. बोलणारे स्वतःला बांगांडे म्हणतात आणि स्वतःला डोगॉनच मानतात. जुन्या यादीकारांनी लोकांची ओळख घेतली आणि भाषेवर चिकटवली, चूक तिथे झाली. भाषा पाहिली तर डोगॉनपेक्षा अगदी वेगळी: डोगॉन क्रियापदाला प्रत्ययांची शेपूट असते, बांगिमेत प्रत्यय फारच थोडे. मूलभूत शब्दांत डोगॉनशी जुळणारे शब्द थोडे, आणि जे जुळतात त्यांतले बरेच उसने वाटतात. अॅबी हँटगन यांचा २०१३ चा प्रबंध आणि नंतर हीथ व हँटगन यांचं २०१८ चं व्याकरण यांमुळे आता बांगिमे एकाकी भाषा म्हणून सर्वत्र स्वीकारली गेली आहे.

निहालीचा दाखला इथेही चपखल बसतो. तीही पूर्वी कोरकूच्या, म्हणजे मुंडा गटाच्या, खात्यात टाकली होती, कारण तिच्यात कोरकू शब्दांचा मोठा थर आहे. थर बाजूला केल्यावर खाली कुणाचेच नसलेले शब्द उरले. बांगिमेचं तंत्र तेच आहे: आधी डोगॉन थर ओळखा, मग मांदे, मग सोंघाय, मग फुलफुल्दे, आणि उरतं ते मोजा. उरलेलं जास्त असेल आणि तेही शरीराचे अवयव, पाणी, आग अशा शब्दांत, तर भाषा एकाकी.

पर्णिका, तुम्ही डोगॉनचा तक्ता करताना बांगिमेचा स्तंभ शेजारी ठेवाच. कुटुंबात नाही म्हणून वगळू नका. डोगॉनमधला एखादा शब्द सगळ्या डोगॉन भाषांत आणि बांगिमेतही दिसला तर तो परिसरात फिरणारा शब्द असण्याची शक्यता वाढते. तो स्तंभ तुमच्यासाठी गाळणीचं काम करतो.

शब्दपेटी

पठार यांच्या पहिल्या मुद्द्यावर एवढंच: धागे एका दिशेने ओढतात हे मान्य, पण त्यातले किती धागे एक किंवा दोन ध्वनींचे आहेत ते मोजा. म आणि ब हे ओष्ठ्य, न हा दंत्य. प्रत्ययात एक व्यंजन जुळणं सोपं असतं. मूळ डोगॉनमधला तो प्रत्यय म होता, ब होता की म्ब होता, हे आधी डोगॉनच्या आतल्या तुलनेतून ठरू दे. ते ठरल्याशिवाय बांतूच्या 'बा' शी त्याची गाठ बांधणं घाईचं आहे. शोध थांबू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि शोधाची पुढची पायरी मूळ डोगॉनची पुनर्रचना हीच आहे. तक्ते मोकळे उपलब्ध आहेत, जामसायचं २००८ चं आणि तोम्मो-सोचं २०१३ चं सविस्तर व्याकरण आहे, शिवाय हीथ यांची इतर डोगॉन भाषांवरची व्याकरणं आहेत. २०१२ पासून मालीतल्या संघर्षामुळे गावांत जाऊन नवी सामग्री आणणं अवघड झालं आहे, पण जमलेल्या सामग्रीवर घरी बसून करण्यासारखं काम भरपूर आहे.

पर्णिका

मसुदा टाकते, कृपया तपासा:

'डोगॉन हा मालीतल्या बांदियागारा परिसरात आणि लगतच्या बुर्किना फासोच्या काही भागात बोलल्या जाणाऱ्या सुमारे वीस बोलींचा गट आहे. १९६३ मध्ये ग्रीनबर्गने तो गुर शाखेत ठेवला. पुढे तो नायजर-काँगो कुटुंबाची वेगळी शाखा मानला गेला. आता हे कूळ नाकारण्यात आलं असून डोगॉन स्वतंत्र भाषाकुटुंब ठरलं आहे. मालीच्या तेरा राष्ट्रीय भाषांत डोगॉनचा समावेश आहे. बांगिमे ही पूर्वी डोगॉन मानली जाणारी भाषा आता एकाकी गणली जाते.'

ध्वनिवेध

तीन दुरुस्त्या.

'वीस बोली' नको, 'वीस भाषा' लिहा. जामसाय बोलणाऱ्याला मोंबो कळत नाही. तोरो-सोसारख्या नावाखाली मात्र गावागावांच्या बोली आहेत, तिथे बोली हा शब्द ठेवा.

'नाकारण्यात आलं असून' आणि 'ठरलं आहे' काढा. त्याऐवजी: 'नायजर-काँगोशी असलेलं नातं नियमित ध्वनिसंबंधांनी अद्याप दाखवता आलेलं नाही, म्हणून ग्लॉटोलॉग आणि ग्युल्डेमान (२०१८) डोगॉन स्वतंत्र कुटुंब धरतात. काही अभ्यासक ती नायजर-काँगोतच ठेवतात.'

तेरा राष्ट्रीय भाषांच्या वाक्यात डोगॉनची नोंद एकच आहे आणि प्रमाण रूप तोरो-सोवर आधारलेलं आहे, हे जोडा. २०२३ च्या संविधानाने त्या तेरा भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि फ्रेंच कामकाजाची भाषा राहिली, तेही तिथेच येऊ दे. नाहीतर वाचकाला वाटेल की वीसच्या वीस भाषांना शाळेत आणि कचेरीत जागा मिळाली.

शब्दपेटी

आणि बांगिमेच्या वाक्यात 'बोलणारे स्वतःला डोगॉन मानतात' हे एवढं घाला. भाषा वेगळी ठरली म्हणून माणसांना त्यांच्या समाजातून बाहेर काढल्यासारखं वाचलं जाऊ नये.